दोन अंतराळपट आणि दोन तट: एका हौशी गटाचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका हौशी गटाचं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, वयं आणि व्यवसाय थोडे इकडचे तिकडे केले आहेत. वादातले मुद्दे मात्र जसे मांडले गेले तसेच ठेवले आहेत. वाचनकट्टा, फिल्म क्लब किंवा विज्ञान मंडळ चालवणाऱ्यांना ह्यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल.

पार्श्वभूमी

उपनगरातल्या एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा विज्ञानकथा आवडणारी मंडळी जमतात. सुरुवात पुस्तकांपासून झाली होती, पण हळूहळू पुस्तकं मागे पडली आणि सिनेमे पुढे आले. नेहमी येणारे वीसेक जण. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले किंवा निवृत्तीला टेकलेले अभियंते, आयटीतले काही जण, मराठी शिकवणाऱ्या एक बाई, व्हीएफएक्स, म्हणजे सिनेमातले संगणकी दृश्यपरिणाम करणाऱ्या स्टुडिओत काम करणारा एक तरुण आणि कॉलेजची पाच-सहा मुलंमुली. चहा-बिस्किटं वर्गणीतून. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे, म्हणून हे तपशिलात सांगता येतंय.

गटात सिनेमा दाखवत नाहीत, फक्त त्यावर बोलतात. वाचनालयाच्या चिटणीसांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की ओटीटीचं सबस्क्रिप्शन काय किंवा विकत घेतलेली डीव्हीडी काय, घरी बघण्यापुरती असते. सभागृहात लोक जमवून दाखवायचं तर हक्क असलेल्या कंपनीची परवानगी हवी. त्या भानगडीत कोण पडणार? म्हणून सगळे घरून बघून येतात. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही. वर्षानुवर्षं गैरसोय वाटणारा हा नियम ह्या प्रकरणात फार कामाला आला.

७ फेब्रुवारी २०२५ ला ‘इंटरस्टेलर’ हा २०१४चा हॉलिवूडचा अंतराळपट भारतात पुन्हा थिएटरात लागला. २०१४ मध्ये जी मुलं प्राथमिक शाळेत होती त्यांनी तो पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर पाहिला, आणि ज्यांनी तेव्हा पाहिला होता तेही पुन्हा गेले. महिनाभर गटात दुसरा विषय नव्हता. त्याच सुमारास ठरलं की मेच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम करायचा: मुलांनी पालकांबरोबर एखादा अंतराळपट घरी बघून यायचं आणि सकाळभर त्यावर गप्पा मारायच्या. सिनेमा कोणता, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

पेच

एका बाजूला ‘इंटरस्टेलर’, दुसऱ्या बाजूला १९७७चा पहिला ‘स्टार वॉर्स’. कुणालाही वाटेल की जुना सिनेमा जुन्या लोकांचा आणि नवा तरुणांचा. झालं उलटं. ‘इंटरस्टेलर’साठी अभियंते काका हट्टाला पेटले आणि ‘स्टार वॉर्स’साठी कॉलेजची मुलं. काकांनी ‘स्टार वॉर्स’ ऐन तारुण्यात पाहिला होता, त्यामुळे त्यांच्या लेखी तो पोरवयातला नाद होता. मुलांनी तो मोठ्या भावंडांबरोबर, क्रमाने, पात्रांची वंशावळ पाठ करत पाहिला होता. त्यांना तो घरचा वाटत होता.

पहिल्या बैठकीत बोलणं सभ्यच होतं. मग आवाजाचा मुद्दा निघाला. अवकाशात हवा नाही, तर ‘स्टार वॉर्स’मधली लढाऊ यानं गर्जना कशी करतात? एका मुलाने सांगितलं की तो आवाज ध्वनिरचनाकार बेन बर्ट ह्यांनी हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी असे दोन आवाज मिसळून केला आहे. माहिती म्हणून गमतीची. काका म्हणाले, “म्हणजे अवकाशात हत्ती!” हशा पिकला, पण मुलांना तो झोंबला. त्यांनी उलट विचारलं की ‘इंटरस्टेलर’मध्ये यान फुटतं तेव्हा शांतता असते हे कबूल, पण बाकी वेळ संगीतकार हान्स झिमरचा ऑर्गन कान किटवतो, तो अवकाशात कुठून येतो? पार्श्वसंगीत पात्रांना ऐकू येत नसतं, असं उत्तर मिळालं. “मग गर्जनासुद्धा पात्रांना ऐकू येत नाही असं समजा की!” इथवर गंमत होती.

गंमत संपली ती कार्यक्रमाच्या पत्रिकेवरून. अभियंत्यांमधले सर्वांत ज्येष्ठ काका म्हणाले, “मुलांना चुकीचं विज्ञान दाखवायचं असेल तर पत्रिकेवर माझं नाव घालू नका.” त्यावर कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाची मुलगी म्हणाली, “काका, तुम्हाला सिनेमा नकोय, फिजिक्सचा क्लास हवाय.” एरवी ह्याहून तिखट बोलणं ऐकून घेणारे काका त्या दिवशी चहा न घेता खाली उतरले. पुढच्या आठवड्यात दोघा-तिघांनी कळवलं की कार्यक्रमाच्या कामात आम्हाला धरू नका. कार्यक्रमाला दोन महिने उरले होते.

काकांच्या हट्टामागे एक इतिहास आहे, तो सांगितल्याशिवाय त्यांच्यावर अन्याय होईल. मराठी विज्ञानकथा वाढली ती विज्ञानप्रसाराचं बोट धरून. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या कथास्पर्धांनी लेखकांची एक पिढी घडवली. १९७४ च्या स्पर्धेत टोपणनावाने आलेल्या एका कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की लेखक जयंत नारळीकर आहेत. कथेचं नाव ‘कृष्णविवर’. ‘इंटरस्टेलर’मधलं गार्गंटुआ हे कृष्णविवर पडद्यावर दिसण्याच्या चाळीस वर्षं आधी! त्या गोष्टींवर वाढलेल्या वाचकाच्या मनात एक पक्की कसोटी बसली आहे: विज्ञान चुकलं की ती विज्ञानकथाच नव्हे. काकांची अट आढ्यतेतून आलेली नव्हती. फक्त ती कसोटी भलत्याच जातीच्या सिनेमाला लावली जात होती आणि हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

संयोजिका बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी चार-पाच जणांना घरी बोलावलं आणि पोह्यांबरोबर पर्याय मांडले गेले.

मतदानाचा पर्याय सर्वांत सोपा आणि बहुतेकांना तोच हवा होता. पण नेहमी येणाऱ्यांत अभियंतेच जास्त, त्यामुळे निकाल आधीच ठाऊक होता. शिवाय कुणीतरी ह्यूगो पुरस्कारांची आठवण करून दिली. ते पुरस्कार जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे चाहतेच, मतं देऊन ठरवतात. २०१५ मध्ये त्यांनी ‘इंटरस्टेलर’ला डावलून ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ निवडला: बोलणारा रॅकून, चालणारं झाड. पुढच्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’चा नवा भाग स्पर्धेत असताना ‘द मार्शियन’ निवडला, ज्यात माणूस मंगळावर बटाटे लावून हिशेबाने जगतो. जगभरचे चाहते एका वर्षी इकडे आणि दुसऱ्या वर्षी तिकडे झुकत असतील, तर आमच्या वीस हातांनी कोणता प्रश्न सुटणार होता?

‘द मार्शियन’लाच मधला मार्ग म्हणून घ्यावं, असंही सुचलं. धाडस आहे, विनोद आहे, विज्ञान आहे. पण गोष्ट ज्या वादळाने सुरू होते तेच मंगळावर शक्य नाही. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. कितीही वारा सुटला तरी तो यान आडवं करणार नाही. मूळ कादंबरीच्या लेखकाने ही सूट जाणूनबुजून घेतल्याचं स्वतःच सांगितलं आहे. काकांच्या कसोटीवर हाही नापास. आणि तडजोडीच्या सिनेमाचं एक असतं, त्याला कुणाचा विरोध नसतो आणि त्याच्यासाठी भांडायलाही कुणी नसतं. माझं मत विचाराल तर तो पर्याय तिथेच सोडला हे बरं झालं.

उरले दोन. एखाद्या जाणकाराला बोलावून त्याचा शब्द मानायचा, किंवा ‘कोणता चांगला’ हा प्रश्नच बाजूला ठेवून बोलण्याची रीत बदलायची. संयोजिकांनी पहिला निवडला. निवृत्त प्राध्यापक ओळखीतले होते, यायला तयार होते आणि दोन्ही बाजू त्यांना मानत होत्या. त्या क्षणी दुसरं काही सुचणं अवघडच होतं.

पहिला निर्णय: जाणकाराला बोलावणं

प्राध्यापक चांगले बोलले, हे आधी नोंदवतो. गार्गंटुआचं चित्र कसं तयार झालं ते त्यांनी फळ्यावर समजावलं. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न ह्यांची समीकरणं, ती प्रकाशकिरणांवर चालवणारा डबल निगेटिव्ह ह्या स्टुडिओचा चमू आणि त्यातून निघालेली, कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या चकतीवरची ती प्रकाशाची कमान. थॉर्न ह्यांना पुढे २०१७ मध्ये गुरुत्वलहरींच्या शोधासाठी नोबेल मिळालं. अभियंते खूश, वह्या निघाल्या.

मग सरांनी पुढचं सांगितलं. चकती प्रचंड वेगाने फिरत असते, त्यामुळे आपल्याकडे येणारी तिची बाजू उजळ आणि निळसर दिसायला हवी, दूर जाणारी अंधुक. प्रेक्षक गोंधळतील म्हणून दिग्दर्शकाने तो परिणाम काढून टाकला. आणखी एक गोष्ट. सिनेमात कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं; हे व्हायचं तर कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने फिरायला हवं. पण पडद्यावरचं चित्र त्याहून बऱ्याच कमी फिरकीचं आहे, कारण कमाल फिरकीला ते एका अंगाने चपटं झालं असतं. म्हणजे गोष्टीतलं कृष्णविवर वेगळं आणि चित्रातलं वेगळं. वह्या हळूच मिटल्या.

‘स्टार वॉर्स’बद्दल सर दोनच वाक्यं बोलले: ती परीकथा आहे, तिला भौतिकशास्त्र विचारू नये. मुलांचे चेहरे पडले. सरांच्या मते तो दोष नव्हता, पण ‘परीकथा’ हा शब्द त्याआधीच गटात शिवीसारखा वापरून झाला होता.

नंतर प्रश्नोत्तरं ठेवली होती. कुणी हात वर केला नाही. जो गट दहा मिनिटं गप्प बसू शकत नाही, त्याने नम्रपणे आभार मानले, सरांना श्रीफळ दिलं आणि सगळे घरी गेले. वाद मिटला नव्हता, नुसता खाली बसला होता. दुसऱ्या दिवशी फोनवर दोन्ही बाजू सरांच्या व्याख्यानातली आपापल्या सोयीची वाक्यं एकमेकांना ऐकवत होत्या.

इथे नेमकं काय बिनसलं? सरांना विचारलेला प्रश्न होता ‘कोणत्या सिनेमातलं विज्ञान बरोबर’. त्याचं त्यांनी चोख उत्तर दिलं. गटाचा खरा प्रश्न होता ‘तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आधी काय दाखवावं’, आणि तो त्यांच्यापुढे ठेवलाच गेला नाही. जाणकार माणूस निकाल देतो तेव्हा बाकीच्यांचं बोलणं बंद होतं, हा भाग निराळाच.

दुसरा निर्णय: बाजू बदलून बोलायचं

पुढची रीत सुचवली मराठीच्या बाईंनी. वक्तृत्व स्पर्धांची त्यांना सवय. प्रत्येकाने विरुद्ध बाजूच्या सिनेमाकडून बोलायचं. एकच प्रसंग निवडायचा आणि मत देण्याआधी तो पूर्ण सांगायचा, ज्याने पाहिला नाही त्याला दिसेल असा. दोष काढायचाच तर तो सिनेमाने स्वतः घालून घेतलेल्या नियमाला धरून काढायचा, आपल्या मनातल्या नियमाला धरून नाही. आणि ‘परीकथा’, ‘क्लास’, ‘बकवास’ हे तीन शब्द त्या दिवसापुरते बंद.

एका जणाने साफ नकार दिला. “मला जे पटत नाही ते मी बोलणार नाही.” तो त्या दिवशी आला नाही, नंतरही आलेला नाही.

चहा न घेता गेलेले काका मात्र आले, आणि पहिले तेच बोलले. त्यांनी ‘स्टार वॉर्स’मधला दोन सूर्य मावळण्याचा प्रसंग घेतला. पण जित्याची खोड! सुरुवात केली ती केपलर-१६बी ह्या ग्रहापासून: दोन ताऱ्यांभोवती फिरणारा हा ग्रह २०११ मध्ये जाहीर झाला, म्हणजे त्या सिनेमाची कल्पना खरी ठरली, वगैरे. संयोजिका म्हणाल्या, “काका, ग्रह नंतर. आधी प्रसंग सांगा.”

काका थांबले, चष्मा काढला आणि सांगायला लागले. वाळवंटात काका-काकूंकडे वाढलेला मुलगा. हवेतलं पाणी गोळा करायची शेती. त्याला बाहेर पडून अकादमीत जायचंय. त्याचे काका म्हणतात, अजून एक हंगाम थांब, माणसं मिळत नाहीत. मुलगा जेवणावरून उठतो, बाहेर येतो, क्षितिजाकडे बघत उभा राहतो. काही बोलत नाही. संगीत चढतं. एवढंच. मग स्वतःशी बोलल्यासारखं ते म्हणाले, “डिप्लोमाला पुण्यात यायच्या वेळी मलाही चुलत्यांनी एक हंगाम थांबवलं होतं. ऊस तोडणीला आला होता.” मागे कॉमर्सची ती मुलगी बसली होती, तिने पहिल्यांदा मान वर केली.

तिची पाळी आली तेव्हा तिने नियम निम्माच पाळला. तिने घेतला तो ‘इंटरस्टेलर’मधला संदेशांचा प्रसंग. ग्रहावर काही तास घालवून बाप यानात परततो, तोवर पृथ्वीवर तेवीस वर्षं उलटलेली. साठून राहिलेले संदेश तो एकामागून एक बघतो. मुलगा मोठा होतो, त्याचं लग्न होतं, मूल होतं आणि जातं, शेवटी मुलगी पडद्यावर येते, आता बापाच्याच वयाची. सांगताना तिने एक गोष्ट नेमकी पकडली: तासाला सात वर्षं हा हिशेब उतरण्याआधीच पात्रांनी आपल्यासमोर केलेला असतो. तो नसता तर हे रडणं उगाच वाटलं असतं. काकांच्या बाजूने गेल्या दोन महिन्यांत जे कुणाला मांडता आलं नव्हतं ते विरोधकाने दोन वाक्यांत मांडलं. तिथेच थांबायला हवं होतं, पण ती पुढे म्हणाली, “आता त्यांच्याच नियमाने एक विचारते. पृथ्वीवरून निघताना त्यांना टप्प्याटप्प्याचं भलंमोठं रॉकेट लागलं. मग ज्या ग्रहाचं गुरुत्व पृथ्वीच्या १३० टक्के आहे, तिथून तेच छोटं यान एकट्याने कसं उडालं?”

अभियंत्यांच्या रांगेत शांतता. एकाने इंधनाच्या प्रकाराबद्दल काहीतरी सांगून पाहिलं, ते त्यालाच पटलं नसावं.

त्यानंतर जे झालं ते ठरवलेलं नव्हतं. आयटीतला एक जण, पक्का ‘इंटरस्टेलर’वाला, उठून फळ्याकडे गेला. गरगरणाऱ्या यानाला जोडणी करण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग. यंत्रमानव सांगतो की यान मिनिटाला ६७-६८ फेऱ्या घेतंय. ते यान वलयाच्या आकाराचं; ह्याने वलयाची त्रिज्या अंदाजे ३० मीटर धरली आणि आकडेमोड केली. कडेवर बसणारा ताण गुरुत्वाच्या सुमारे दीडशेपट निघाला. “माझ्या आवडत्या प्रसंगात ते वलय जागच्या जागी फाटून जायला हवं होतं,” तो म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. व्हीएफएक्सवाला मुलगा वलयाच्या बचावाला धावला: नायकाचं यान मधल्या अक्षावर जोडलं जातं, कडेवर नाही, तिथे ताण कमी. दोघं अर्धा तास फळ्यापाशी. बाजू कोण कुठली, हे तोवर कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

‘स्टार वॉर्स’चीही सुटका झाली नाही. पार्सेकचं प्रकरण निघालंच: नायकाचा मित्र फुशारकी मारतो की आपलं यान अमुक मोहीम बारा पार्सेकच्या आत करतं, आणि पार्सेक हे अंतराचं माप, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं. बाई म्हणाल्या, “सिनेमा उघडतानाच सांगतो, फार फार वर्षांपूर्वी, दूरदूरच्या आकाशगंगेत. हे आटपाट नगर आहे. आटपाट नगरात कुणी मोजपट्टी घेऊन जात नाही.” त्यावर काका म्हणाले, “बाई, मग आटपाट नगराने स्वतःहून मोजपट्टी काढावी कशाला?” हा त्या संध्याकाळचा सर्वांत नेमका दोष होता असं मला वाटतं. त्यात विज्ञानाचा आग्रह नव्हता. सिनेमाने आपण होऊन पांघरलेलं सोंग त्याला झेपलं नाही, एवढंच काकांचं म्हणणं होतं. दुसरा दोष एका मुलानेच काढला. १९७७ मध्ये वृद्ध गुरू सांगतो की तुझ्या वडिलांना खलनायकाने मारलं. १९८० च्या भागात तो खलनायकच बाप निघतो. आणि १९८३ मध्ये गुरू म्हणतो की एका दृष्टीने माझं बोलणं खरंच होतं. “हा नियम मोडलाय,” मुलगा म्हणाला, “आणि वर वकिली केलीय.”

पडदा नव्हता ह्याचा फायदा इथे दिसला. प्रसंग दाखवता येत नव्हते, म्हणून सांगावे लागत होते. आणि प्रसंग सांगणाऱ्याला काय भावलं ते लपत नाही. क्लिप लावली असती तर काकांचा ऊस बाहेर आला नसता.

निष्पत्ती

सिनेमाची निवड शेवटी चर्चेने झाली नाही. सरळ ठरलं की पत्रिकेत दोन्ही नावं द्यायची, घराने एक निवडायचा आणि मुलांनी जो पाहिला असेल त्यावर बोलायचं. निकालाच्या दृष्टीने हे अर्धवट वाटेल. पण दोन महिन्यांपूर्वी हाच पर्याय ‘पळवाट’ म्हणून फेटाळला गेला असता, आता कुणी हरकत घेतली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मात्र दोन्ही तटांचे अंदाज चुकले. ‘इंटरस्टेलर’ १६९ मिनिटांचा, ‘स्टार वॉर्स’ १२१ मिनिटांचा. ‘इंटरस्टेलर’ निवडलेल्या घरांपैकी बऱ्याच जणांनी तो दोन रात्रींत पाहिला होता किंवा मध्येच सोडला होता. हा साधा मुद्दा आमच्या एकाही बैठकीत निघाला नव्हता. आणि मुलांनी ना विज्ञानाबद्दल विचारलं, ना गोष्टीबद्दल. पहिला प्रश्न आला, “टार्स खरा होता का?”

टार्स म्हणजे ‘इंटरस्टेलर’मधला चौकोनी यंत्रमानव. उत्तर व्हीएफएक्सवाल्या मुलाने दिलं: बहुतेक प्रसंगांत खरा, धातूची जड बाहुली करून बिल अर्विन ह्या अभिनेत्याने ती मागून हलवली आणि मग त्याला चित्रातून पुसून टाकलं. मग ‘स्टार वॉर्स’मधली यानं? तीही खरी, टेबलावर मावणारी प्रतिकृती. यान जागच्या जागी आणि कॅमेरा त्याच्याभोवती संगणकाच्या मोजमापाने फिरणारा. मग गार्गंटुआ करणारा डबल निगेटिव्ह स्टुडिओ २०१४ मध्येच मुंबईच्या प्राइम फोकसशी जोडला गेला हे निघालं, आणि नववीतली एक मुलगी विचारू लागली की ह्या कामाला कोणती शाखा घ्यावी लागते. पुढचा तासभर तोच मुलगा बोलत होता. वादाच्या सगळ्या बैठकांत त्याने जेमतेम दोनदा तोंड उघडलं असेल.

काकांचं नाव पत्रिकेवर नव्हतं, त्यांनीच नको म्हटलं होतं. आले मात्र सर्वांत आधी, खुर्च्या लावायला. कॉमर्सच्या मुलीशी त्यांचं बोलणं पूर्ववत झालं आहे का हे इतिवृत्तावरून सांगता येणार नाही. पार्सेकवरून दोघांची चकमक अजून होते एवढं खरं. नकार देऊन गेलेल्या सदस्याला दोनदा फोन केले गेले. त्याने आपली बाजू शांतपणे सांगितली: बाजू बदलून बोलणं हा त्याला पोरखेळ वाटतो. तो गट त्याचाही होता, त्यामुळे हा तोटा तोटाच धरायला हवा.

पुन्हा करायचं तर

पहिली बैठक सिनेमाच्या नावांनी सुरू झाली, तिथेच वाट चुकली. मुलं कोणत्या वयाची, त्यांना किती वेळ बसवणार, घरी कोणत्या भाषेत बघणार आणि आपल्याला त्यांच्याकडून काय हवंय, हे आधी बोललं गेलं असतं तर निम्मी यादी आपोआप गळाली असती. दोन मुलांना त्या बैठकीत बसवलं असतं तर टार्सही वेळेवर सापडला असता.

प्राध्यापकांना बोलावणं गैर नव्हतं, वेळ चुकली. बाजू बदलून झाल्यावर ते आले असते तर फळ्यावरच्या दीडशेपट ताणाला आणि त्या रॉकेटच्या प्रश्नाला जाणकार भिडू मिळाला असता. तेव्हा त्यांचं बोलणं निकाल म्हणून ऐकलं गेलं. नंतर ते उत्तर म्हणून ऐकलं गेलं असतं.

बाजू बदलण्याच्या रीतीला आगाऊ सूचना हवी आणि सुटकेची वाटही हवी. ज्याला विरुद्ध बाजूने बोलायचं नाही त्याला नुसता प्रसंग सांगू द्यावा, मत देऊ नये म्हणावं. तेवढ्याने तो सदस्य राहिला असता असं काही जणांना वाटतं. मला खात्री नाही.

आणखी एक नोंद. ‘कार्गो’ ह्या २०१९च्या हिंदी सिनेमाचं नाव एका मुलीने पहिल्याच बैठकीत घेतलं होतं. आरती कडव ह्यांचा; पुष्पक नावाच्या यानात एक राक्षस मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करतो. तेव्हा ‘ते नंतर बघू’ म्हणून विषय पुढे गेला, आणि चर्चा झाल्याची नोंद इतिवृत्तात कुठेही नाही. पुढच्या सुट्टीच्या यादीत तो आता पहिल्या क्रमांकावर आहे. त्यात विज्ञान कुठे आहे, असं काकांनी विचारून झालंय.